विद्यापीठातल्या संशोधन-स्टार्टअपसाठी ऑनलाइन गुंतवणूकदार मेळावा: पेटंटच्या अर्जापासून तिसाव्या दिवसापर्यंत

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून निघालेली कंपनी पहिली काही वर्षं विक्रीचा आकडा दाखवू शकत नाही. तिच्याकडे एखादं चालणारं उपकरण किंवा रेणू असतो, पेटंटचा अर्ज असतो, दोन-तीन शोधनिबंध असतात आणि विषय कोळून प्यायलेला एक संशोधक असतो. यातलं काहीही पाच मिनिटांच्या सादरीकरणात कोणाला पूर्ण पटत नाही. त्यामुळे मेळाव्याच्या संध्याकाळीच कोणी पैसे देईल, ही अपेक्षा सुरुवातीलाच सोडून द्या. योग्य माणसाशी दुसरी भेट ठरवणं एवढंच मेळाव्याचं काम आहे, आणि पुढची सगळी तयारी त्या दुसऱ्या भेटीपासून उलटी मोजत आखली आहे.

आयआयटी मुंबईच्या 'साइन'ला किंवा पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरातल्या व्हेंचर सेंटरला, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा, सोयी आणि मार्गदर्शन देणाऱ्या इन्क्युबेटरना, गुंतवणूकदार शेजारीच सापडतात. जळगाव, नांदेड, सोलापूर, गडचिरोली इथल्या विद्यापीठांची गोष्ट वेगळी. मुंबईचा फंड मॅनेजर एका कंपनीसाठी गडचिरोलीला जाणार नाही, पण दोन तास स्क्रीनसमोर नक्की बसेल. म्हणून ऑनलाइन मेळाव्याची खरी गरज या दूरच्या विद्यापीठांना आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठात नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य मंडळ आहे. मेळाव्याची जबाबदारी या मंडळाने किंवा विद्यापीठाच्या इन्क्युबेटरने घ्यावी. सांस्कृतिक समितीसारखी नवी समिती नेमून हे काम होत नाही.

दहा आठवडे आधी: कागदपत्रं

बहुतेक मेळावे तारीख ठरवून सुरू होतात. सुरुवात कागदपत्रांपासून करा, कारण बहुतेक चर्चा पुढे तिथेच अडतात.

पहिला प्रश्न पेटंटचा. गोपनीयतेच्या कराराशिवाय शंभर जणांना ऑनलाइन दाखवलेलं तंत्र कायद्याच्या नजरेत जाहीर झालेलं धरलं जाऊ शकतं, आणि जाहीर झालेल्या गोष्टीवर पेटंट मिळणं अवघड होतं. अमेरिकेत संशोधकाने स्वतः जाहीर केल्यानंतर वर्षभराची मुभा आहे. भारतात ती सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शनं, विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरतीच आहे, आणि युरोपात जवळजवळ नाहीच. गुंतवणूकदार पहिल्या भेटीत गोपनीयतेच्या करारावर सही करत नाहीत, तो आग्रह धरू नका. त्याऐवजी मेळाव्याआधी तात्पुरत्या तपशिलासह पेटंटचा अर्ज दाखल करा. ऑनलाइन अर्जाचं शुल्क स्टार्टअप आणि शैक्षणिक संस्थांना १,६०० रुपये आहे. मसुदा लिहून घेण्याचा खर्च वेगळा. अर्जाच्या तारखेपासून पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. परदेशात आधी अर्ज करायचा असेल, तर पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे परवानगी घ्यावी लागते, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं.

इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. कंपनीचं तंत्र ज्या विद्यार्थिनीच्या पीएचडीतून आलं, तिचा प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन भांडारावर चढला आहे का, ते तपासा. चढला असेल तर तो जाहीरच आहे. तारीख पाहा आणि पेटंट वकिलाला विचारूनच पुढे जा. तंत्र जाहीर झालं असं धरायला परिषदेच्या सारांश-पुस्तिकेतलं अर्धं पानही पुरतं.

वनस्पती, सूक्ष्मजीव अशा भारतीय जैविक संसाधनांवर आधारलेला शोध असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा टप्पा मध्ये येतो. शेती आणि औषधनिर्माण विभागांतल्या निम्म्या कल्पनांना तो लागू पडू शकतो, आणि अनुभवी गुंतवणूकदार त्याबद्दल पहिल्याच बैठकीत विचारतो.

दुसरा प्रश्न मालकीचा. पेटंट विद्यापीठाच्या नावावर आणि कंपनी प्राध्यापक व विद्यार्थ्यांची, अशी स्थिती सर्रास असते. तिच्यात गैर काही नाही, फक्त कंपनीला ते तंत्र वापरायचा हक्क कागदावर हवा. परवाना एकट्या कंपनीला आहे की इतरांनाही, कोणत्या उपयोगासाठी, कोणत्या देशांत, किती वर्षं, स्वामित्वधन (रॉयल्टी) किती, पुढच्या सुधारणा कोणाच्या आणि पेटंटची वार्षिक फी कोण भरणार, एवढं त्यात असावं. व्यवस्थापन परिषदेची बैठक लांबणीवर पडली असेल, तर निदान सहा ते बारा महिन्यांसाठी 'या काळात हा परवाना फक्त याच कंपनीला दिला जाईल' असा पर्यायाचा करार कुलसचिवांच्या सहीने करून घ्या. 'परवानगी मिळेलच' या वाक्यावर कोणताही फंड पुढे जात नाही.

प्राध्यापकांना कंपनीत हिस्सा ठेवायची मुभा आहे का, याचंही लेखी उत्तर तयार ठेवा. केंद्राच्या २०१९च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात अध्यापक आणि विद्यार्थ्यांच्या कंपन्यांना वाट करून दिली आहे. सोयीसुविधांच्या बदल्यात संस्थेने २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा असंही त्यात सुचवलं आहे. विद्यापीठाने यापेक्षा मोठा वाटा मागितला, तर पुढचा गुंतवणूकदार तिथेच थांबतो, हे व्यवस्थापन परिषदेला आकडे मांडून सांगावं लागतं. कंपनीला आठवड्यातला एक दिवस देणाऱ्या मार्गदर्शकाच्या नावावर निम्मी कंपनी असेल, तरीही तेच होतं. पूर्ण वेळ काम करणाऱ्या तरुणांकडे मोठा हिस्सा हवा. ही चर्चा नाजूक असते, पण ती मेळाव्याआधी, चार भिंतींच्या आत झालेली बरी.

कोणत्या कंपन्या घ्यायच्या

सहा. फार तर आठ. वीस कंपन्या घेतल्या की कुलगुरूंचं समाधान होतं आणि गुंतवणूकदार सातव्या सादरीकरणानंतर ईमेल बघू लागतो.

निवडीला तंत्रज्ञानाच्या परिपक्वतेची १ ते ९ ही पट्टी वापरा. ४ म्हणजे प्रयोगशाळेत सिद्ध, ५ म्हणजे प्रत्यक्षासारख्या परिस्थितीत सिद्ध, ६ म्हणजे तशा परिस्थितीत नमुना-यंत्र चालवून दाखवलेलं. मेळाव्यात ४च्या खालचं काही आणू नका. त्या संघाला भागभांडवल नको, अनुदान हवं आहे. केंद्र सरकारच्या 'निधी-प्रयास' योजनेतून १० लाखांपर्यंत, तर जैवतंत्रज्ञानासाठीच्या 'बायरॅक' या सरकारी संस्थेच्या 'बिग' योजनेतून १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि त्यासाठी हिस्सा द्यावा लागत नाही. फार लवकर गुंतवणूकदारासमोर उभा केलेला संघ नकार पदरात घेऊन परततो. दोन वर्षांनी तोच संघ तयारीनिशी आला, तरी समोरच्याच्या वहीत आधीचाच शेरा असतो.

कोणाला बोलवायचं

इथे सर्वांत जास्त मेहनत घ्या. सहा कंपन्यांसाठी २० ते २४ माणसं खरोखर हजर हवीत, म्हणजे ६० ते ७० जणांशी व्यक्तिशः बोलावं लागेल. एकगठ्ठा ईमेल पाठवून हे होत नाही.

यादीत तीन प्रकारची माणसं ठेवा. पहिले अर्थातच गुंतवणूकदार: त्या विषयात याआधी पैसे घातलेले एंजल (स्वतःचे पैसे गुंतवणारी माणसं), आणि सखोल तंत्रज्ञानात गुंतवणूक करणारे फंड. ॲप आणि किरकोळ विक्रीत रमणारा फंड कितीही मोठा असला तरी उपयोगाचा नाही. फंडाची मुदत साधारण आठ-दहा वर्षांची असते. सातव्या वर्षात असलेला फंड औषधाच्या रेणूत पैसे घालणार नाही, म्हणून फंड कधी उभारला ते आधी विचारा.

दुसरे, खरेदी करू शकणारे उद्योजक. चाकण, अंबड, वाळूज इथल्या कारखान्यांचे खरेदी किंवा गुणवत्ता विभागप्रमुख, साखर कारखान्याचा मुख्य रसायनशास्त्रज्ञ, मसाला निर्यातदार. 'हे मला चालेल, दोन महिने वापरून बघतो' हे त्यांचं एक वाक्य गुंतवणूकदाराला दहा स्लाइडपेक्षा जास्त सांगून जातं. माझा आग्रह आहे की प्रत्येक कंपनीमागे निदान एक असा माणूस हवाच, नाहीतर ती कंपनी पुढच्या फेरीत घ्या.

तिसरे, कंपनी चालवायला येऊ शकतील असे अनुभवी लोक. संशोधकांच्या संघात विक्री, नियामक मंजुरी, उत्पादन या बाजू रिकाम्या असतात. पंधरा वर्षं वैद्यकीय उपकरणं विकलेला, आता स्वतःचं काही करू पाहणारा माणूस सह-संस्थापक म्हणून मिळाला, तर तोही मेळाव्याचा मोठा लाभ. विद्यापीठाचे माजी विद्यार्थी शोधायची जागा हीच. परदेशातल्या मराठी मंडळींनाही आवर्जून बोलवा. अनिवासी भारतीयाने पैसे परत बाहेर न नेण्याच्या अटीवर गुंतवणूक केली, तर ती देशांतर्गत गुंतवणूक मानली जाते आणि कागदपत्रं सोपी होतात. परत नेण्याच्या हक्कासह पैसे आले, तर शेअर दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर हा अर्ज भरावा लागतो.

आमंत्रणासोबत प्रत्येक कंपनीचं एका पानाचं टिपण जोडा, आणि दहा दिवस आधी प्रत्येकाकडून तीन पसंतीच्या कंपन्या मागवा. पसंती न कळवणाऱ्याला फोन करा. दोन फोननंतरही उत्तर नसेल, तर तो येणार नाही असं धरून त्याची जागा दुसऱ्याला द्या.

जाहीर काय बोलायचं, काय नाही

मेळावा यूट्यूबवर थेट दाखवू नका. पेटंट हे एक कारण झालं. दुसरं कंपनी कायद्याचं. खासगी कंपनीला कलम ४२ खाली शेअरची ऑफर फक्त निवडक, ओळखलेल्या व्यक्तींना देता येते. आर्थिक वर्षात अशा व्यक्ती २००पेक्षा जास्त असू शकत नाहीत (पात्र संस्थात्मक गुंतवणूकदार आणि कर्मचारी योजना वगळून), आणि त्यासाठी जाहिरात करता येत नाही. 'एक कोटीला दहा टक्के' अशी स्लाइड जाहीर प्रसारणात झळकली, तर कंपनी सचिवाला पुढे बरंच निस्तरावं लागेल. ऑनलाइन मंचावरून चालणाऱ्या अशा भांडवल-उभारणीबद्दल सेबीने २०१६ सालीच गुंतवणूकदारांना सावध केलं होतं. म्हणून दुवा फक्त नाव नोंदवलेल्यांना द्या, सादरीकरणात मूल्यांकन किंवा शेअरचा भाव सांगू नका, आणि आयोजकांनी जमलेल्या रकमेवर कमिशन घेऊ नका. गुंतवणुकीच्या अटी कंपनी आणि गुंतवणूकदार यांनी आपसांत ठरवाव्यात.

चार मिनिटांची चित्रफीत

सादरीकरण आधी चित्रित करून घ्या आणि प्रश्नोत्तरं थेट ठेवा. त्यामुळे ऐनवेळी नेट गेलं तरी सादरीकरण बुडत नाही आणि वेळही पाळली जाते. चार मिनिटांची वाटणी अशी: अडचण ३० सेकंद, यंत्र किंवा प्रक्रिया चालताना ६०, पुरावा ४५, पैसे कोण देणार ३०, पेटंट आणि परवान्याची स्थिती ३०, संघ २५, आणि पुढच्या टप्प्यासाठी काय हवं ते २०.

सुरुवातीची वाक्यं कशी बदलतात ते एका कल्पित कंपनीवर पाहू. तिने हळदीतलं कर्क्युमिन मोजणारं यंत्र केलं आहे. संशोधक साधारण असं लिहून आणतो: 'आम्ही निकट-अवरक्त वर्णपटमितीवर आधारित कर्क्युमिनच्या परिमाणात्मक विश्लेषणाची नावीन्यपूर्ण पद्धत विकसित केली आहे.' ऐकणाऱ्याच्या पदरी यातून काही पडत नाही. तेच असं सांगता येतं: 'मार्केट यार्डात हळदीचं कांडं मोडून, रंग बघून भाव ठरतो. अर्क काढणाऱ्या कारखान्याला हवं असतं कर्क्युमिन, आणि ते किती आहे हे प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर कळतं. तोवर सौदा झालेला असतो. आमचं हातात धरायचं यंत्र ते सौद्याच्या जागीच सांगतं.' आता सांगलीचा आडत्या, कारखान्याचा खरेदीदार आणि मुंबईचा एंजल, तिघांनाही विषय कळला.

पुराव्याच्या ४५ सेकंदांत आलेखांची रांग नको. एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चाचणीच्या निकालाशी तुलना करता चूक किती, नमुने किती, किती हंगामांतले आणि किती गावांतले, एवढंच सांगा. एकाच शेतातले ४० नमुने आणि तीन हंगामांतले ४०० नमुने यांतला फरक चांगला गुंतवणूकदार लगेच ओळखतो. नमुने कमी असतील तर तसं सांगा, आणि हवे असलेले पैसे तिथेच जोडा: 'पुढचे दोन हंगाम, तीन बाजार समित्या, पाच यंत्रं.'

प्रात्यक्षिक प्रयोगशाळेत चित्रित करताना फोन तिवईवर आडवा ठेवा आणि कॉलरचा माइक वापरा. फ्यूम हूडचा आणि एसीचा आवाज फोनच्या माइकमध्ये बोलणं गिळतो. मोजणीचा तुकडा न कापता एकसलग दाखवा, फ्रेममध्ये घड्याळ ठेवा. कापलेल्या प्रात्यक्षिकावर विश्वास बसत नाही. मग ती चित्रफीत पेटंट पाहणाऱ्या व्यक्तीने थांबवत थांबवत बघावी. मागच्या फळ्यावरचं सूत्र, बाटलीवरच्या लेबलवरचं प्रमाण, संगणकाच्या पडद्यावरची प्रक्रियेची सेटिंग, उघडी प्रयोगवही, हे सगळं नकळत टिपलं जातं. यंत्र काय करतं आणि किती चांगलं करतं ते सांगा. कसं करतं ते नंतर, करारानंतर.

वेळ आणि झूम

मंगळवार ते गुरुवार, संध्याकाळी ७ वाजता. त्या वेळी उन्हाळ्यात लंडनला दुपारचे अडीच आणि बोस्टनला सकाळचे साडेनऊ असतात, हिवाळ्यात दोन्हीकडे एक तास अलीकडे. मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमेरिका आणि ब्रिटन वेगवेगळ्या रविवारी घड्याळ बदलतात. ते आठवडे टाळा, नाहीतर कोणीतरी तासभर उशिरा येतोच. कॅलिफोर्नियात तेव्हा पहाट असते, त्यांच्यासाठी वेगळी सकाळची भेट ठरवा.

क्रम असा ठेवा. ७:०० ते ७:०५ स्वागत. कुलगुरूंचं मनोगत आमंत्रणासोबत लेखी पाठवा, दीपप्रज्वलनाची चित्रफीत नको. नंतर प्रत्येक कंपनीला चार मिनिटं चित्रफीत, चार मिनिटं प्रश्न आणि एक मिनिट बदलासाठी, म्हणजे सहा कंपन्यांचे ५४ मिनिटं. ७:५९ ते ८:०४ विश्रांती. त्यानंतर एकास-एक भेटींच्या चार फेऱ्या, प्रत्येकी १५ मिनिटं आणि मध्ये ३ मिनिटं. ९:१३ला संपतं. सहा खोल्या गुणिले चार फेऱ्या म्हणजे २४ भेटी, आणि मेळाव्याचं खरं फळ या २४ भेटींतच आहे. सादरीकरणं लांबली तर ती वेळ भेटींतून कापली जाते, म्हणून वेळ पाळणारा माणूस कडक हवा.

झूमचा 'वेबिनार' प्रकार घेऊ नका, त्यात ब्रेकआउट रूम नाहीत. 'मीटिंग' घ्या. मोफत खातं ४० मिनिटांत बंद पडतं, म्हणून सशुल्क खातं लागेल. खोल्यांना कंपन्यांची नावं द्या. कंपनी आपल्या खोलीतच बसून राहील, पाहुणे खोल्या बदलतील, म्हणजे कंपनीचं स्क्रीन शेअरिंग तुटत नाही. पाहुण्यांची खोली आधीच नेमून ठेवायची सोय मोहक वाटते, पण पाहुणा दुसऱ्याच ईमेलने आत आला की ती फसते. त्यापेक्षा 'खोली स्वतः निवडा' हा पर्याय चालू ठेवा, प्रत्येकाला त्याचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि दोन सह-यजमान अडलेल्यांना हाताने हलवतील. फेरी संपायला दोन मिनिटं असताना सर्व खोल्यांत संदेश पाठवा.

चित्रफिती एकाच लॅपटॉपवरून लावा, केबलने जोडलेल्या नेटवर. शेअर करताना आवाजाच्या पर्यायावर खूण करायला विसरलं की पहिल्या कंपनीची मूक चित्रफीत दिसते. ही सर्वांत नेहमीची चूक आहे. दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या कंपनीच्या नेटवर, त्याच फायली घेऊन एक सह-यजमान तयार बसवा. आदल्या दिवशी सगळ्या कंपन्यांसह पूर्ण रंगीत तालीम घ्या, खोल्यांसकट. एकास-एक भेटींचं रेकॉर्डिंग करू नका, आणि मुख्य सत्राचं करणार असाल तर सुरुवातीला सांगून संमती घ्या.

प्रश्नोत्तरांत प्राध्यापकांनी विद्यार्थ्याचं उत्तर मध्येच तोडून दुरुस्त केलं, की समोरच्याला कळतं कंपनी कोण चालवतं. तालमीतच ठरवा: उत्तर पूर्ण वेळ काम करणारा देईल, मार्गदर्शक फक्त विज्ञानाच्या प्रश्नाला आणि बोलावल्यावर.

नंतरचे तीस दिवस

मेळाव्याच्या रात्रीच प्रत्येक कंपनीने चार भेटींची टिपणं लिहावीत: कोण, काय विचारलं, आपण काय पाठवायचं कबूल केलं. २४ तासांत ईमेल जायला हवा, मागितलेल्या गोष्टीसह आणि दुसऱ्या भेटीसाठी दोन ठोस वेळा सुचवून. 'आपला आभारी आहे, संपर्कात राहू' एवढ्याच ईमेलला उत्तर येत नाही.

डेटा रूम, म्हणजे गुंतवणूकदाराने तपासायच्या कागदपत्रांचा ऑनलाइन संच, मेळाव्याआधीच भरलेली असावी: पेटंट अर्जाची पावती, परवाना किंवा पर्यायाचा करार, अध्यापकांचं परवानगीपत्र, हिस्सेदारीचा तक्ता, अनुदानांची मंजुरीपत्रं व अटी, चाचण्यांचा कच्चा डेटा, स्टार्टअप मान्यतेचं प्रमाणपत्र. पेटंटचा मूळ मसुदा मात्र गोपनीयतेच्या करारानंतरच उघडा. मूल्यांकन ठरवणं अवघड जात असेल, तर कन्व्हर्टिबल नोटचा, म्हणजे आज कर्ज म्हणून घेऊन नंतर शेअरमध्ये बदलता येणाऱ्या पैशांचा, मार्ग आहे. मान्यताप्राप्त स्टार्टअपला एका व्यक्तीकडून एका हप्त्यात निदान २५ लाख रुपये अशा रीतीने घेता येतात.

इन्क्युबेटरच्या एका माणसाकडे सगळ्या कंपन्यांचा एकच तक्ता असू द्या: पाहुणा, कंपनी, पाठवायचं काय, पाठवलं कधी, दुसरी भेट कधी, नकार असेल तर कारण. सातव्या दिवशी तो प्रत्येक पाहुण्याला स्वतः फोन करेल. कंपनीला तोंडावर न सांगितलेलं कारण आयोजकाला सांगितलं जातं. 'परवाना स्पष्ट नाही' हे तीन जणांकडून आलं, तर तो विषय व्यवस्थापन परिषदेच्या पुढच्या बैठकीत न्यायचा. 'बाजार लहान वाटतो' असं आलं, तर उद्योजकांपैकी कोणाला तरी त्या कंपनीशी बसवायचं. 'लवकर आलात' असं आलं, तर सहा महिन्यांनी कोणता पुरावा दाखवला म्हणजे पुन्हा भेटाल, हे त्याच फोनवर विचारून तारखेसह तक्त्यात नोंदवायचं.

तिसाव्या दिवशी दुसऱ्या भेटी मोजा. २४पैकी सहा-सात झाल्या असतील तर चांगलं चाललं आहे. दोनच झाल्या असतील, तर दोष बहुधा पाहुण्यांच्या यादीत असतो, आणि पुढच्या फेरीची तारीख जाहीर करण्याआधी ती यादी नव्याने करावी लागते. हजेरी, लाइक आणि वर्तमानपत्रातली बातमी यांना या तक्त्यात रकानाच ठेवू नका.